धोंडा जेठात अन् एसी कोम्यात

"सूनबाई, तुझा एसी कोम्यात गेला म्हनते?"

कुंपणाच्या भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. हातात कुरड्यांचं सूप, डोळा कावळ्यावर आणि कान आमच्या शेजारणीच्या घराकडे. आमच्या तिगावात मिस्त्री घरातून बाहेर पडायच्या आधी त्याचं निदान गल्लीच्या टोकाला पोचलेलं असतं. तो काय म्हणाला, किती पैसे मागितले, सरबत प्याला की चहा, सगळं.

"कोम्यात नाई काकू, श्वास चालू हाये," सूनबाई बादली ठेवून भिंतीशी आल्या. "आतला पंखा फिरते, वारा येते, पन ठंडा नाई. बाहेरच्या डब्ब्याच्या बारक्या नळीवर बर्फ जमते. पांढुर्ण्याहून मिस्त्री आला, पाच मिन्टं पाहिलं अन् म्हने, बारा वर्साचं मशीन झालं, आता नवंच घ्या."

"पाच मिन्टात? माह्या लग्नाचा निर्नय बी एवढ्या लवकर झाला नव्हता."

"अन् तोंडावर धोंडा."

तिथेच खरं दुखणं होतं. यंदा, म्हणजे 2026 साली, अधिक महिना ज्येष्ठात पडला आहे, 17 मेपासून 15 जूनपर्यंत. जावयाला बोलवायचं, अनारसे-बत्तासे द्यायचे, धोंडे खाऊ घालायचे, आणि हे सगळं अशा दिवसांत, की दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही. सूनबाईंची नणंद नागपुरात दिलेली. जावई फ्लॅटमध्ये राहणारे, तिन्ही खोल्यांत एसी.

"मागचा धोंडा बरा होता," काकू म्हणाल्या. "2023 चा. सावनात आल्ता."

"बरा कायचा? तुमच्याच जावयानं गच्चीवर झोपून रात्र काढली होती न? सकाळी उठले त अंगाले चादर चिकटलेली."

काकूंनी सूप उगाच पाखडलं. ती गोष्ट खरी होती. काकूंच्या घरी एसी नाही, मोठा पत्र्याचा कूलर आहे. श्रावणात हवेतच इतकी ओल असते, की कूलरचं पाणी वाळत नाही. आणि पाणी वाळलं नाही, तर कूलर थंड करत नाही, नुसता दमटपणा वाढवतो. जावयांनी तेव्हा चकार शब्द काढला नाही, पण पुढच्या दिवाळीला ते दुपारी आले आणि संध्याकाळीच गेले, हे सगळ्या गल्लीने मोजलं होतं.

एवढ्यात काकाजी आले. रेल्वेतून निवृत्त, हातात पेपर, आणि सांगायला काही मिळालं की पेपर गुंडाळून काखेत. तिगाव स्टेशनपुढे चिचोंड्याचा घाट आहे. इटारसीकडे जाणाऱ्या जड मालगाड्यांना तिथे मागून जास्तीचं इंजिन लावावं लागतं. काकाजींचं अर्धं आयुष्य त्या इंजिनांच्या शिट्ट्या ऐकण्यात गेलं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही बिघाडाचा उलगडा ते घाटापासूनच सुरू करतात.

"कम्प्रेसर चालू होते का? घर्रर्र आवाज येते का?"

"येते न काकाजी. आवाज येते, बंद नाई पडत."

"मंग कपॅसिटर नाई. कपॅसिटर गेला असता त कम्प्रेसर नुसता घुंई करून बसला असता. घाट चढाच्या टायमाले मागचं इंजिन नसलं म्हनजे गाडी जाग्यावर कशी तटते, तसं. धक्का द्यायलेच कोनी नाई. अन् लोकं म्हनते, पूरी गाडीच खराब."

"तेच त झालं दुकानवाल्याच्या घरी!" काकूंचे डोळे चमकले. गल्लीतल्या किराणा दुकानदाराच्या एसीला मागच्या उन्हाळ्यात एका कारागिराने 'कम्प्रेसर जळाला' म्हणून निकालात काढलं होतं. नव्याचा भावही ठरला होता. तेवढ्यात सौसरहून त्यांचा भाचा आला. बोरगावच्या कारखान्यात वीजविभागात काम करणारा. त्याने झाकण उघडलं, फुगलेला कपॅसिटर दाखवला, चारेकशे रुपयांचा नवा बसवला, आणि एसी सुरू. "अन् ते दुकानवाले काही सांगत नाई कोनाले," काकू म्हणाल्या, "कारन आधी त्यायनं सगळ्यायले सांगून टाकलं होतं का नवा एसी येऊन राहिला."

या कपॅसिटरचं आमच्या भागात जास्तच होतं. संध्याकाळी शेतातले पंप आणि घरातले पंखे एकदम चालू झाले की व्होल्टेज खाली बसतं. मोटरला तेवढंच काम कमी दाबावर करावं लागतं, करंट वाढतो, गरमी वाढते, आणि सगळ्यात नाजूक वस्तू आधी जाते. स्टॅबिलायझर नसलेला एसी तिगावात म्हातारा होत नाही, तरुणपणीच जातो. आणि इन्व्हर्टर एसीचं सर्किटकार्ड असेल, तर पावसाळ्यात त्यावर पाल बसते. पाल जाते, कार्डही जाते, आणि पावती मात्र आपल्याला येते.

"तुह्याकडे गॅस कवा भरली होती?" काकाजींनी विचारलं.

"मागच्या साली भरली. त्याच्या आधीच्या साली बी भरली. अन् त्याच्या आधी..." सूनबाई थांबल्या. "दरसाली भरून राहिलो म्हना न."

"म्हनजे गॅस खाते कोन?"

"मशीन खात असन," काकू म्हणाल्या. "आमच्या गाडीत बी पेट्रोल लागतेच न."

इथे काकाजींनी पेपर काखेतून काढून भिंतीवर ठेवला, म्हणजे आता भाषण लांबणार. पण ते सांगत होते ते महत्त्वाचं होतं, आणि तिगावातच नाही, नागपुरातल्या शिकलेल्या घरांतही हे माहीत नसतं. एसीतला गॅस जळत नाही, संपत नाही. तो बंद नळीत फिरतो, आतल्या खोलीची उष्णता उचलतो, बाहेर टाकतो, परत येतो. ज्या दिवशी कारखान्यात भरला, तेवढाच शेवटपर्यंत राहायला हवा. दरवर्षी गॅस भरावा लागतो याचा एकच अर्थ: नळी कुठेतरी गळते. जो मिस्त्री गळती न शोधता गॅस भरतो, तो पुढच्या वर्षीचं आपलं काम राखून ठेवतो.

"अन् तो बर्फ?" सूनबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, बर्फ जमते म्हनजे चांगलं ठंडं करून राहिलं."

"गॅस कमी झाली म्हनजे नळीत दाब उतरते, अन् उरलेली गॅस नको तितकी गार होते. नळीवर बर्फ, खोलीत गरमी. जाळी मातीनं भरली अन् वारा जात नसला तरी बर्फ होते म्हना. जाळी धुतली का?"

"परवाच धुतली."

"मंग गळतीच."

"मंग मिस्त्री बरोबरच म्हने न, नवा घ्या?"

"कुठं गळते, ते पाहिलं का त्यानं?"

सूनबाई गप्प. मिस्त्रीने पाहिलं नव्हतं.

माझं मत विचारलंत, तर सगळा निर्णय या एका प्रश्नावर अडतो, आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो. मशीन किती वर्षांचं झालं, हे सगळे विचारतात, कारण ते विचारायला अक्कल लागत नाही. काय बिघडलं आणि कुठे बिघडलं, हे विचारलं की समोरच्याला हात काळे करावे लागतात. बाहेरच्या डब्ब्याला तांब्याची नळी जिथे नटने जोडतात, तिथे गळत असेल, तर साबणाच्या पाण्याचा फेस लावला की बुडबुडे दिसतात. नळीचं तोंड पुन्हा फुलवायचं, नट आवळायचा, नायट्रोजनचा दाब देऊन बघायचं, पंपाने आतली हवा ओढून घ्यायची आणि मग गॅस तोलून भरायचा. एवढं केलं तर ते मशीन आणखी दोन-चार उन्हाळे काढेल. पण आतल्या कॉइललाच बारीक छिद्रं पडली असतील, किंवा कम्प्रेसरचं वाइंडिंग जळून एमसीबी खटकन पडत असेल, तर मात्र बारा वर्षांच्या मशीनवर पैसा घालणं म्हणजे हौस. तेव्हा मिस्त्रीचं ऐकावं.

"कोनती गॅस हाये तुह्याची? डब्ब्याच्या पाटीवर लिवलेली असते."

सूनबाई जाऊन पाहून आल्या. "आर, मंग एक रेघ, अन् बावीस."

"बावीस नंबर." काकाजींनी जीभ टाळ्याला लावली. "ओझोनले भोक पाडनारी. 2030 पर्यंत ते बंदच करून राहिले. मिळते अजून, पन महाग होत जाईन. नव्यात बत्तीस नंबर येते."

"म्हनजे नंबर वाढला त काम चांगलं?" काकूंनी विचारलं.

"नंबराचं तसं काही नसते."

हा एसी यांच्या घरी आला कसा, त्याचीही गोष्ट आहे. 2013 च्या मेमध्ये नागपूरला पारा 47.9 वर गेला होता, 23 तारखेला. आमच्याकडेही त्या आठवड्यात संत्र्याची झाडं उभी सुकल्यासारखी दिसत होती. सूनबाईंच्या सासऱ्यांना दम्याचा त्रास. कूलरची ओल छातीला सोसत नाही, आणि कूलर बंद केला तर जीव कासावीस. पुढच्या वर्षी मृग बहाराचं संत्रं बरं विकलं गेलं, आणि नागपूरहून टेम्पोत दीड टनाचा एसी आला. तेव्हा गल्लीतली पोरं तो पाहायला जमली होती. 'दीड टन म्हणजे वजन' असं समजून दोघांनी तो एकट्याने उचलून दाखवायची पैज लावली. टन हे थंडीचं माप आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उचलण्याची ताकद. अमेरिकेत बर्फाच्या लाद्या विकायचे, त्या दिवसांपासून ते चालत आलं. पैज अर्थातच दोघेही जिंकले.

"पन काकाजी, दुपारी त तो नवा होता तवा बी कमीच ठंडा करे."

"करनच. कंपनी त्याले 35 डिग्रीत तपासते. आपल्या इथं 45. बाहेरच गरम असन त आतली गरमी फेकावी कुठं? अन् वरून तुह्यी स्लॅब दिवसभर तापलेली. दुपारी कमी ठंडा करते म्हनून मशीन म्हातारं झालं, असं नाई होत. रात्री अकराले काय करते, ते पाह्यचं."

"मास्तरीनबाईच्या घरी बी असंच झालं!" काकू पुढे सरकल्या, आवाज खाली आला. आता गप्पांना खरी चव आली. "त्यायनं बाहेरचा डब्बा तांब्याच्या चोराच्या भेवानं पत्र्याच्या पेटीत बंद केला. चारी बाजूनं पत्रा, वरून कुलूप. एसी ठंडा करेना म्हनून नवा घेतला. पाच तारेवाला. अन् तो बी त्याच पेटीत बसवला! आता तो बी ठंडा करत नाई. मास्तर म्हनते, कंपनी खराब."

काकाजी इतके हसले, की पेपर पलीकडे पडला. आपणच फेकलेली गरम हवा ते यंत्र पुन्हा आत ओढत असणार. पेटीची एक बाजू उघडली असती, तर जुन्याच एसीने आणखी पाच वर्षं काढली असती. पण मास्तरीणबाईंना हे सांगणार कोण? त्यांनी नवा एसी आल्यावर पेढे वाटले होते.

"पन बिल?" सूनबाई मूळ मुद्द्यावर आल्या. "मिस्त्री म्हने का नवा घेतला त बिल अर्धं येईन."

बिलाचा विषय निघाला की आमच्या मध्य प्रदेशातल्या बायका सीमेपलीकडच्या वरूड-काटोलच्या बहिणींपेक्षा जास्त हिशेबी होतात, कारण इकडे अटल गृह ज्योती योजना आहे. महिन्याला दीडशे युनिटच्या आत राहिलं, तर पहिले शंभर युनिट शंभर रुपयांत. एकशे एक्कावन्न झाले, की त्या महिन्याची सवलत गेली. काकू मीटर रोज वाचतात, पंचांगापेक्षाही नेमाने. महिन्याच्या अखेरीस त्यांच्या घरी इस्त्रीसुद्धा बंद होते.

काकाजींनी भिंतीवर कोळशाने हिशेब मांडला. जुना दीड टनाचा एसी तासाला पावणेदोन युनिटच्या आसपास खातो. रात्री सहा तास म्हणजे दहा युनिट. मधूनमधून कम्प्रेसर थांबतो, तरी महिन्याला अडीचशे. नवा पाच ताऱ्यांचा इन्व्हर्टर घेतला, तर त्याच्या निम्मे, सव्वाशे-दीडशे. वर फ्रीज, पंखे, पंप.

"म्हनजे दीडशेच्या आत काही राहत नाई!" काकू ओरडल्या. "पाच तारे असो का पूरं आभाळ असो."

"नाईच राहत. सवलत दोन्हीत जाते. वाचते ते वरचे सव्वाशे युनिट. सात रुपये धरा, महिन्याचे नऊशेच्या आत. अन् तुह्या घरी एसी चालते किती महिने?"

"दोन. मे अन् जून. मंग पाऊस आला का बाबा म्हनते खिडकी उघडा."

"सालाचे सतराशे-अठराशे वाचन. नवा चाळीस हजाराच्या वरता. कर कमी झाला म्हना, मागच्या सप्टेंबरपासून 28 टक्क्याचा 18 झाला, तरी चाळीस हजार सुटाले वीस सालापेक्षा जास्त लागते. तवापर्यंत तो नवा बी जाईन अन् मी बी जाईन."

हा हिशेब मुंबईच्या घरात उलटा पडेल, हेही सांगून ठेवतो. तिथे वर्षाचे आठ-नऊ महिने एसी चालतो, युनिटही महाग. तिथे दहा वर्षांचा जुना एसी चालवत बसणं खरोखर महागात पडतं. म्हणून 'इतक्या वर्षांनी बदला' असा एकच नियम सगळ्यांना सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. तिगावचा एसी मुंबईच्या एसीइतका म्हातारा बारा वर्षांत होत नाही.

"अन् घ्याचाच झाला त तारे कसे पाह्यचे?" सूनबाईंनी हळूच विचारलं. म्हणजे मनातून नवा एसी अजून गेला नव्हता.

"तारे नंतर, तारीख आधी," काकाजी म्हणाले. लेबलवर ते तारे कोणत्या काळातले हे छापलेलं असतं. ऊर्जा दक्षता ब्युरोचं माप दर काही वर्षांनी कडक होतं. 2022 च्या जुलैत झालं, यंदा जानेवारीत पुन्हा झालं. दुकानात पडलेला गेल्या सालचा पाच ताऱ्यांचा माल यंदाच्या मापात पाचावर टिकत नाही. दुकानदार ते सांगत नाही, सवलत मात्र सांगतो. त्यापेक्षा लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, 1600 तास धरून. दोन मशिनांचे ते आकडे शेजारी ठेवायचे, आणि तारे पोरांना मोजू द्यायचे.

"मले एक समजत नाई," काकू म्हणाल्या. "जावयाले एसी पाह्यजेच कायले? यंदाचा धोंडा सावनात नाई, जेठात हाये. हवा कोल्डी ठाक. आमचा कूलर जेठात असा चालते का पहाटे चादर घ्या लागते. नवी वुडवूलची ताटी टाक, समोरची खिडकी उघडी ठेव, झालं. रातभर चालला तरी दोन युनिट."

"कूलर पानी पिते काकू. अन् नळ तुमाले माहीतच हाये."

"एक ड्रम जास्ती भर. जावयासाठी एवढं नाई करत का?"

हे मात्र पटण्यासारखं होतं, आणि काकाजींनाही त्यावर काही सुचलं नाही, ही दुर्मीळ गोष्ट. पाऊस आमच्याकडे जूनच्या मध्याला येतो, धोंडा 15 जूनला संपतो. सगळा अधिक महिना कूलरच्या राज्यात. एसी लागतो तो सासऱ्यांच्या खोलीत, आणि तो त्यांना लागतोच; तिथे युनिट मोजत बसायचं नाही. या वयात, या छातीला, मेच्या रात्री तापलेली खोली म्हणजे दवाखान्याची वाट. त्यामुळे प्रश्न एवढाच उरला: जावयाला कूलर, बाबांना एसी, हे जावयाला सांगायचं कोणी?

"तुह्या सासूनं," काकूंनी निकाल दिला. "तिच्या लेकीचा नवरा हाये."

"आत्याबाई म्हनते, आपला मान जाईन."

"मान धोंड्याच्या ताटात असते, तीस अन् तीन अनारसे बरोबर मोजून दिले का झालं. एसीत थोडीच असते."

सूनबाईंनी फोन काढला. मिस्त्रीला लावला. आवाजात आता सकाळचा घाबरेपणा नव्हता. "भाऊ, नवा नंतर पाहू. तुमी उद्या साबनाचं पानी अन् नायट्रोजनची बाटली घेऊन या. गळती कुठं हाये ते मले दाखवा, माह्या डोळ्यानं. जोडावर असली त दुरुस्त करा. आतल्या कॉइलले असली त मंग बोलू. अन् हो, गॅस तोलून भरा, काटा घेऊन या." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. "नाई भाऊ, कोनी शिकवलं नाई मले."

काकाजी छातीवर पेपर धरून उभे होते.

"अन् नवाच घ्या लागला, त जुना त्या भंगारवाल्याले देऊ नको," ते म्हणाले. "तो नळी तोडते, अन् गॅस भस्सकन हवेत. एक किलो बावीस नंबर म्हनजे सतरा-अठराशे किलो धुराएवढा ताप. नवा घेशीन त्या दुकानात बदल्यात दे. 2023 पासून नियम हाये, जुन्या मालाची जबाबदारी कंपनीवर हाये."

"भंगारवाला तांब्याचे पैसे रोख देते," काकू म्हणाल्या. "नियम काय देते?"

यावर काकाजी काही बोलणार, तेवढ्यात कावळा कुरड्यांवर उतरला आणि काकू सूप घेऊन धावल्या. अर्ध्या अंगणातून वळून म्हणाल्या, "अन् उद्या तो मिस्त्री आला का मले आवाज दे. आमच्या फ्रीजच्या मांगं दोन दिवस झाले पानी टपकून राहिलं. एकाच फेऱ्यात पाहून जाईन, येन्याजान्याचे वेगळे पैसे कायले द्याचे?"